‘कॅसाब्लांका’ पाहून झाला. आता रेन्स की ग्रीनस्ट्रीट?

भाचीने गेल्या महिन्यात ‘कॅसाब्लांका’ हा जुना हॉलिवूडपट पाहिला आणि रात्री साडेअकराला मेसेज टाकला, “मावशी, हिरो-हिरॉइन छानच, पण तो पोलीसवाला आणि तो जाड्या कोण? त्यांचं अजून काही बघायचं तर कुणापासून सुरू करू? महिन्यात दोनच रविवार मोकळे असतात.” असा प्रश्न पडणारी ती एकटीच नसणार, म्हणून उत्तर इथे लिहितेय.

पोलीसवाला म्हणजे क्लॉड रेन्स, जाड्या म्हणजे सिडनी ग्रीनस्ट्रीट. दोघेही इंग्रज, नाटकात मुरलेले आणि पडद्यावर उशिरा आलेले. 1940च्या दशकात वॉर्नर ब्रदर्सने दोघांनाही भरपूर राबवून घेतलं. नायक झाले ते क्वचितच. साम्य एवढंच.

आधी ग्रीनस्ट्रीट, कारण त्याचं काम आटोपशीर आहे. जन्म 1879 सालचा, केंट परगण्यातल्या सँडविच गावचा. (हो, खायच्या सँडविचला ज्या उमरावाचं नाव मिळालं, त्याची पदवी याच गावाची.) तरुणपणी हा गडी चहाच्या मळ्यात नशीब काढायला सिलोनला गेला, पावसाने दगा दिला तेव्हा घरी परतला आणि 1902 मध्ये रंगमंचावर उभा राहिला. पुढची जवळजवळ 40 वर्षं नाटक एके नाटक, त्यातली बहुतेक अमेरिकेत. पहिला चित्रपट केला तेव्हा वय 61! तो म्हणजे 1941चा ‘द माल्टीज फाल्कन’. जॉन ह्यूस्टनचंही दिग्दर्शक म्हणून ते पहिलंच काम. पहिल्याच फटक्यात ग्रीनस्ट्रीटला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं.

ह्यूस्टनने कॅमेरा खाली ठेवून त्याला वर बघत टिपलाय, त्यामुळे खुर्चीत बसलेला गटमन (हे त्याच्या पात्राचं नाव) दिसतो तेव्हा आधी पोट दिसतं, मग कोटाची बटणं, मग चेहरा. पण नुसत्या वजनावर हे काम निभावलेलं नाही. हा माणूस कमालीचा सभ्य आहे. प्रत्येक वाक्यात ‘सर’, मध्येच ‘बाय गॅड, सर’, पोटातून गडगडत येणारं हसू, आणि हे सगळं चाललेलं असताना समोरच्याचा ग्लास भरणंही थांबत नाही. गटमन एका रत्नजडित ससाण्याच्या मूर्तीमागे 17 वर्षं लागलाय. शेवटाकडे आणखी एक वर्ष घालवायची वेळ येते, तर तो उभ्या उभ्या हिशेब मांडतो, म्हणजे फक्त 5 पूर्णांक 15 सतरांश टक्के जादा वेळ! मी कागदावर करून पाहिला, हिशेब बरोबर आहे. लोभाचं इतकं आनंदी रूप मी पडद्यावर दुसरं पाहिलेलं नाही.

त्याची कारकीर्द 1949 मध्ये संपली. आठ-नऊ वर्षांत जेमतेम दोन डझन चित्रपट, त्यातल्या नऊंमध्ये पीटर लॉरी सोबत. लॉरी बुटका, डोळे बटबटीत, आवाज कुजबुजल्यासारखा. शेजारी हा डोंगर. ही जोडी आवडली तर ‘द मास्क ऑफ दिमित्रिओस’ (1944) आणि ‘द व्हर्डिक्ट’ (1946) लावायचे. पण एक तक्रार आहे. स्टुडिओला त्याच्याकडून पुन्हा पुन्हा तोच गटमन हवा होता, आणि चार चित्रपट ओळीने पाहिले की हसू कुठे येणार ते आधीच कळायला लागतं. ‘फ्लेमिंगो रोड’मध्ये दूध पिणारा कपटी शेरिफ आहे, तो मात्र वेगळा. तिथे सभ्यपणाचा मुलामा उडालेला आहे आणि त्याची खरंच भीती वाटते.

आता रेन्स. इथे मला लांबण लावल्याशिवाय राहवणार नाही.

1889 मध्ये लंडनमध्ये गरिबीत जन्म. बोली ठेठ कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतली, त्यात तोतरेपणा, आणि ‘र’ काही केल्या येत नसे. लहानपणी स्वतःचं नाव ‘विली वेन्स’ सांगायचा. नाटकमंडळीत पोऱ्या म्हणून लागला, तिथे नटसम्राट हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी या पोरातलं पाणी ओळखून उच्चार सुधारायच्या शिकवणीचे पैसे स्वतः भरले. पुढे पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, फ्रान्समधल्या व्हिमीजवळ विषारी वायूचा हल्ला झाला आणि एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. परतल्यावर तो लंडनच्या नाट्य अकादमीत शिकवायला लागला. विद्यार्थ्यांत कोण, तर पुढे नामवंत नट झालेले जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन.

म्हणजे आवाज कमावणं हे या माणसाच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. आणि गंमत बघा, अमेरिकेतला पहिलाच चित्रपट ‘द इनव्हिजिबल मॅन’ (1933) मिळाला, ज्यात नायकाचा चेहरा अगदी शेवटी, काही क्षणच दिसतो. बाकी सगळा वेळ बँडेज, काळा चष्मा आणि आवाज. ज्याला ‘र’ म्हणता येत नव्हता, त्याने हॉलिवूडचं दार नुसत्या आवाजावर उघडलं.

‘कॅसाब्लांका’तला तो प्रसंग फक्त आवाजासाठी पुन्हा बघ. कॅप्टन रेनो, म्हणजे तुझा पोलीसवाला, कॅफे बंद करायचा हुकूम देतो, कारण इथे जुगार चालतो हे कळून म्हणे त्याला धक्का बसलाय. हे बोलणं सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असं. तेवढ्यात जुगाराच्या टेबलावरचा माणूस त्याच्या हातात त्याने जिंकलेले पैसे ठेवतो. आभार खालच्या पट्टीत, घरगुती सुरात; आणि पुढच्याच श्वासात पुन्हा वरची पट्टी, सगळे बाहेर व्हा! चेहऱ्यावर लाज नाही, डोळा मारणं नाही. दुसऱ्या एखाद्या नटाने इथे प्रेक्षकांकडे बघून हसू मागितलं असतं.

पण त्याचं सगळ्यात मोठं काम हिचकॉकच्या ‘नटोरियस’मध्ये (1946) आहे. ब्राझीलमध्ये लपलेल्या नाझींपैकी एक, अलेक्झांडर सेबास्टियन. ‘कॅसाब्लांका’चीच हिरॉइन इन्ग्रिड बर्गमन इथे हेर म्हणून त्याच्याशी लग्न करते. ती त्याच्यापेक्षा उंच, आणि ते चित्रपटाच्या पथ्यावरच पडलंय. आपण ज्याला शत्रू मानायचं, तोच या गोष्टीत तिच्यावर मनापासून प्रेम करतो. नायक कॅरी ग्रँट मात्र बराच वेळ तिच्याशी कडू बोलत राहतो. बायकोबद्दलचं खरं कळल्यावर सेबास्टियन पहाटे आईच्या खोलीत जाऊन बसतो. आई अंथरुणात उठून बसते आणि शांतपणे सिगारेट पेटवते. तो एवढासा होऊन खुर्चीत बसलेला असतो, आणि नाझी असूनही मला त्याची दया येते. मग दया आली म्हणून स्वतःचाच राग येतो. शेवटचा जिना इथे सांगत नाही.

सहाय्यक अभिनेत्यासाठी त्याला ऑस्करची चार नामांकनं मिळाली: ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’, ‘कॅसाब्लांका’, ‘मिस्टर स्केफिंग्टन’ आणि ‘नटोरियस’. पुतळा एकदाही नाही. ‘मिस्टर स्मिथ’मधला विकला गेलेला सेनेटर जरूर बघ. ‘मिस्टर स्केफिंग्टन’ लांबलचक आहे, आत्ता नको. ‘नाऊ, व्हॉयेजर’मधला मायाळू डॉक्टर थकलेल्या संध्याकाळी बरा.

निवड करताना मी हे बघते: ग्रीनस्ट्रीट एका चित्रपटात कळतो. ‘फाल्कन’ पाहिला की तो आपला आहे की नाही हे ठरतं, आणि पावणेदोन तासांच्या आत ठरतं. रेन्स तसा कळत नाही. ‘नटोरियस’ पाहून ज्याला तो समजला असं वाटतं, त्याला रेनो आणि सेनेटर एकाच माणसाने केलेत हे पटत नाही. तीन चित्रपट तरी हवेत. नट म्हणून तुलना केली तर रेन्स वरचढ, माझ्या लेखी बराच वरचढ. तरीही पहिला रविवार ग्रीनस्ट्रीटला दे, दुसरा ‘नटोरियस’ला. पुढच्या महिन्यापासून फक्त रेन्स.

सबटायटल मात्र चालू ठेव. रेन्सला नसली तरी चालतात, पण ‘फाल्कन’मध्ये सगळेच भरधाव बोलतात आणि गुंता असा की मध्ये कुकर बंद करायला उठलं की कोण कुणाला फसवतंय ते हातातून सुटतं. आणि दोघे एकत्र मिळतील म्हणून ‘पॅसेज टू मार्सेल’पासून (1944) सुरुवात करू नकोस. आठवणीच्या आत आठवण, तिच्याही आत आठवण, असा तो रचलाय. रेन्सने त्यात एका डोळ्यावर पट्टी बांधलीय. त्याच्या त्या जायबंदी डोळ्याची गोष्ट माहीत झाली की ती पट्टी बघताना जरा चरकायला होतं.

हे सगळं पाठवल्यावर तिचं उत्तर आलं, “पण मावशी, मला तर तो फेझ घालून माशा मारणाराच आवडला.”

फेझ म्हणजे ती गोंड्याची तुर्की टोपी, आणि ती घालणारा म्हणजे तिचा जाड्या, ग्रीनस्ट्रीटच. मग प्रश्नच मिटला. रविवारी ससाणा, म्हणजे ‘फाल्कन’, लाव.