कंडेन्सेट रिकव्हरी, नवे ट्रॅप आणि व्हीएफडी: तिन्ही ऋतू वापरल्यावर (जळगाव एमआयडीसी)

आधी निकाल सांगतो, मग तपशील. तासाला एक टन वाफेचा बॉयलर, दोन-तीन जॅकेटवाल्या केटल (भोवती वाफेचं कवच असलेली माल तापवायची भांडी) आणि एखादा ड्रायर एवढाच ज्यांचा पसारा आहे, त्यांनी ऊर्जाबचतीचा पहिला रुपया वाफेच्या बाजूला घालावा. आम्ही कंडेन्सेट रिकव्हरी (वाफेचं झालेलं गरम पाणी परत बॉयलरकडे आणणं), नवे स्टीम ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणारे व्हॉल्व्ह), लाइनचं इन्सुलेशन आणि पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरच्या फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) अशी चार कामं पाठोपाठ केली. पहिल्या तिघांनी आपले पैसे फेडत आणलेत. चौथं अजून उधारीवर आहे.

आमच्याकडे कापड प्रक्रियेला लागणारी रसायनं बनतात. इंधन ब्रिकेट, म्हणजे पऱ्हाटीचा आणि भुईमुगाच्या टरफलांचा पांढरा कोळसा. लहान युनिटांत सर्रास दिसतं तेच आमच्याकडेही होतं: केटलमधून निघणारं उकळतं पाणी गटारीला, आणि बॉयलरला बोअरचं जड पाणी सॉफ्टनरमधून काढून थंडच पाजायचं. 3 किलो दाबाची वाफ जॅकेटमध्ये काम करून पाणी होते, तेव्हा तिच्या एकूण उष्णतेतला जवळपास पाचवा हिस्सा त्या पाण्यातच शिल्लक असतो. फीडचं, म्हणजे बॉयलरला पाजायचं पाणी 6 अंशांनी गरम झालं की इंधन साधारण 1 टक्का वाचतं, हा बॉयलरवाल्यांचा जुना ठोकताळा. आमची फीड टाकी तिशीतून 75-80 अंशांवर आली. हिशोबाने सात-आठ टक्के यायला हवेत. खाली सांगतो ते सगळं नीट असेल त्या महिन्यांत तेवढे मिळतात. शिवाय कंडेन्सेट म्हणजे जवळजवळ शुद्ध पाणी, त्यामुळे ब्लोडाउन (साचलेल्या क्षारांसाठी बॉयलरचं पाणी बाहेर सोडणं) कमी झाला आणि सॉफ्टनरचं मीठही कमी लागतं. फायद्याच्या यादीत ही बाजू कुणी सांगत नाही, पण जळगावच्या पाण्याला तीच मोठी.

आता अडचणी. पहिली पंपाची. सुरुवातीला आलेल्या कोटेशनमध्ये साधा विजेचा सेंट्रिफ्युगल पंप होता, स्वस्त होता म्हणून. उकळीच्या जवळचं पाणी अशा पंपाच्या तोंडाशी आलं की तिथेच वाफ होते, पंप खडखडतो आणि इम्पेलर खातो. आम्ही वाफेच्या दाबावर चालणारा पंप घेतला. महाग पडला, पण त्याला सील नाही, मोटर नाही. याच कारणाने बॉयलरची फीड टाकीही उंच स्टँडवर न्यावी लागली. तो खर्च कोटेशनमध्ये नव्हता, फॅब्रिकेटरचं बिल वेगळं आलं.

दुसरी अडचण खास केमिकलवाल्यांची. आमच्या केटलच्या जॅकेटमध्ये आधी वाफ आणि बॅच झाली की कूलिंगचं पाणी, असं आळीपाळीने चालतं. वाफ सोडताना जॅकेटमध्ये उरलेलं टॉवरचं पाणी आधी बाहेर येतं. ते फीड टाकीत गेलं तर शुद्ध पाण्याचा सगळा फायदा गेला. आणि जॅकेटला एखादं पिनहोल असेल तर मालच बॉयलरमध्ये जाणार. म्हणून रिटर्न लाइनवर कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यात काही मिसळलंय का ते ओळखणारा) आणि त्याच्या इशाऱ्यावर पाणी गटारीला वळवणारा व्हॉल्व्ह हवाच. हा भाग कोटेशनमध्ये ‘ऑप्शनल’ म्हणून लिहिला होता. केमिकल युनिटला तो ऑप्शनल नाही.

ट्रॅपबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी गंमत तिथे आहे. जॅकेटला लोड सारखा बदलतो, तिथे बॉल फ्लोट ट्रॅप लागतो. थर्मोडायनॅमिक ट्रॅप मेन लाइनच्या ड्रेनला ठीक. आमच्याकडे सगळीकडे एकच प्रकार होता, कारण दुकानात तोच मिळायचा. नवे बसवले, पण पहिले काही आठवडे ब्रिकेटचा आकडा हलेना. शेवटी कळलं की ट्रॅपशेजारचे बायपास, म्हणजे ट्रॅपला वळसा घालणाऱ्या लाइनचे व्हॉल्व्ह, उघडेच असतात. आमचा रात्रपाळीचा ऑपरेटर पारोळ्याकडचा, मुरलेला माणूस. विचारलं तर म्हणाला, “अण्णा, बायपास उघडा ठेवा ते लवकर तापस.” त्याचं चूक नव्हतं. जुन्या अडलेल्या ट्रॅपवर त्याने बॅच अशाच काढल्या होत्या. नवा ट्रॅप बायपास बंद ठेवूनही तेवढ्याच वेळात माल तापवतो, हे घड्याळ लावून दाखवलं तेव्हा पटलं. प्रत्येक ट्रॅपनंतर साइट ग्लास बसवून घ्या. जिवंत वाफ निसटतेय की पाणी, ते डोळ्याला दिसतं. बाहेरून तापमान मोजणाऱ्या पिस्तुलाने हे नेहमी कळत नाही.

इन्सुलेशनवर फार बोलण्यासारखं नाही. व्हॉल्व्ह आणि फ्लँज उघडे ठेवू नका, काढता-घालता येणारी जॅकेटं मिळतात. क्लॅडिंगचे सांधे पावसाळ्याआधी बघा, रॉकवूल भिजलं की त्याचा उपयोग संपला.

व्हीएफडीबाबत मात्र हातचं राखून सांगतो. फॅनचा वेग 80 टक्के केला की वीज जवळपास निम्म्यावर येते, हे गणित बरोबर आहे. पण वेग कमी करायला पाणी थंड मिळालं पाहिजे. लोकांना वाटतं टॉवरचे हाल मे महिन्यात होत असतील. उलट आहे. मे महिन्यात जळगाव 44 अंशांवर असतं, पण हवा कोरडी, बाष्पीभवन जोरात, त्यामुळे टॉवर झकास चालतो, फक्त पाणी जास्त पितो. रडतो तो आषाढ-श्रावणात, हवा दमट झाल्यावर. तेव्हा फॅन पूर्ण वेगानेच पळवावा लागतो. खरी बचत दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात टॉवर बरा, तर ड्राइव्हच गरम होऊन ट्रिप व्हायचा, कारण पॅनल पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लावलं होतं. जागा बदलली, एक्झॉस्ट फॅनला फिल्टर लावला, आणि शेजारून येणारा जिनिंगचा कापूस दर आठवड्याला झाडावा लागतो.

मोजमापाचं एक सांगतो. मालाच्या टनामागे किती किलो ब्रिकेट लागले, एवढ्यावर बचत ठरवू नका. पावसाळ्यात ब्रिकेट ओल धरतात आणि सगळं मुसळ केरात गेल्यासारखं दिसतं. फीड लाइनला पाण्याचं मीटर लावा. मालाच्या टनामागे किती वाफ लागली आणि किलोभर ब्रिकेटमागे किती वाफ झाली, हे दोन आकडे वेगळे ठेवले की दोष इंधनाचा की सिस्टीमचा ते कळतं. आमचा फायरमन आता वहीत हे आपणहून लिहितो.

पैशाचं म्हणाल तर बीईईने (केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) जुलै 2025 मध्ये सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या ऊर्जाबचतीसाठी व्याज सवलतीची योजना सुरू केली. 14 क्षेत्रांत केमिकल आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 5 टक्के, मध्यमला 3 टक्के. किमान 10 टक्के बचत दाखवावी लागते, म्हणून आधीचे आकडे नोंदवलेले असू द्या. आमचं काम त्याआधी झालं होतं.

ही सिस्टीम देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिसला पाचात तीन गुण. माणसं जाणकार आहेत, पण पुण्याहून येतात आणि एकट्या जळगावसाठी निघत नाहीत. भुसावळ, धुळ्याची कामं जमली की मग. स्टीम पंपाचं स्पेअर किट आणि एक फ्लोट ट्रॅप कपाटात ठेवूनच ऑर्डर द्या.