जहाजाचं तिकीट खरं होतं, किनाऱ्यावरची सहल खोटी

वरुड, मोर्शी, चांदूर बाजार या पट्ट्यात संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा हाती आला की सहलींच्या जाहिराती सुरू होतात. पूर्वी अष्टविनायक, काशी, चारधाम असायचं. आता त्यात क्रूझही आली आहे. मुंबईहून जहाज, कोची, लक्षद्वीप, आजी-आजोबांसह सहकुटुंब, हप्त्यांची सोय. अशा एका एजंटाने आम्हाला फसवलं आणि त्याची पद्धत इतकी साधी आहे की तो आणखी कितीतरी घरांना फसवेल. म्हणून सगळं उघड लिहिते आहे.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. घरी संत्र्याचा बगीचा आहे. दोन मुलं, आम्ही दोघं आणि सासूबाई असे पाच जण निघणार होतो. सासूबाईंनी सिंभोऱ्याच्या धरणापेक्षा मोठं पाणी कधी पाहिलेलं नव्हतं. गुडघे दुखतात, काठी लागते, पण समुद्र पाहायची हौस मोठी. आपल्या वाटच्या फिरण्याचे पैसे त्यांनी स्वतः दिले, बचत गटातून साठवलेले. मला सगळ्यात जास्त राग त्या पैशांचाच आहे.

एजंटाचं तालुक्याच्या गावी दुकान होतं, पाटी होती, बसायला खुर्च्या होत्या. जहाजाची तिकिटं त्याने काढली तेव्हा आम्ही थेट जहाज कंपनीला फोन करून बुकिंग क्रमांक तपासला. पाचही नावं बरोबर, खोली बरोबर, पैसे जमा. इथेच त्याने आमचा विश्वास मिळवला. तिकिटावर त्याला काही करताच येत नाही, कारण ते कुणीही तपासू शकतं. लबाडी करायची ती जहाज बंदराला लागल्यावरच्या सहा-सात तासांत, कारण ते तास आपल्या गावापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर असतात आणि तिथे त्याच्याशिवाय आपल्याला कुणी ओळखत नसतं.

"मॅडम, जहाजावर हेच फिरणं दुप्पट भावात विकतात," तो म्हणाला. "माझा कोचीत डायरेक्ट माणूस आहे." मग एकेक गोष्ट सुटी सुटी विकली. कोचीहून अलप्पुळाची हाउसबोट, जेवण, डच राजवाडा आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ म्हणजे सिनेगॉग, सगळ्यांचे मिळून 16,500. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना आणि मुलांसाठी काचेच्या तळाची बोट, 12,000. शिवाय 'आजी पॅकेज' म्हणून व्हीलचेअर, मदतनीस आणि बेटावर उतरायला रॅम्प असलेली खास बोट, 7,500. एकूण 36,000 रुपये. दुकानाचा क्यूआर कोड चालत नाही म्हणून पैसे त्याने दुसऱ्या एका नंबरवर घेतले. पावती मागितली, ती मिळालीही, छापील आणि शिक्क्याची. व्हाउचर मात्र आम्ही अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं.

कोचीला जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. बंदर खोल करताना निघालेला गाळ टाकून हे बेट तयार केलेलं आहे. धक्क्यावर बाहेरची गाडी येत नाही, आपण चालत किंवा बंदराच्या बसने गेटबाहेर जायचं. उन्हात सासूबाई ते अंतर काठीवर चालल्या. व्हीलचेअर नव्हती, मदतनीसही नव्हता. गेटबाहेर आमच्या नावाचा कागद धरून एक चालक मात्र उभा होता. त्याला पाहून आम्हाला हायसं वाटलं, पण तो म्हणाला, मला फक्त चार तास गाडी सांगितली आहे आणि पैसे तुम्ही द्यायचे आहेत. त्याने मोबाइलमधला निरोप दाखवला. एजंटाने त्यालाही एक रुपया दिलेला नव्हता. एजंटाला फोन लावला तर आधी व्यस्त, मग बंद.

अलप्पुळाचं विचारलं तेव्हा त्या भल्या माणसाने हिशोबच मांडला. अलप्पुळा पन्नास किलोमीटरच्या वर, रस्त्यावर गर्दी, जायला-यायला मिळून तीन तास धरा. हाउसबोटीची दिवसाची फेरी साधारण अकराच्या पुढे सुटते आणि पाचच्या सुमारास परतते. तुमचं जहाज सहाला सुटणार, तासभर आधी सगळे आत हवेत. ही सहल होऊच शकत नाही, तो म्हणाला. आणि तो दिवस शनिवार होता. मट्टांचेरीचं 'परदेशी' नावाचं ते सिनेगॉग शनिवारी शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, पाहुण्यांना बंद असतं. व्हाउचरवर त्याच दिवसाचं प्रवेश तिकीट 'समाविष्ट' लिहिलं होतं. म्हणजे हे काम ठरवलं होतं आणि मग बिघडलं, असं काही झालेलंच नव्हतं. विकतानाच ते पोकळ होतं.

आता त्या गेटवर आमची स्थिती समजून घ्या, कारण एजंटाचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. हाती मोजके तास. सोबत काठी टेकणारं माणूस आणि दोन लेकरं. भांडायला समोर जो आहे तो स्वतःच फसलेला. पोलीस ठाण्यात जावं तर जहाज सुटेल. जहाज स्वतःच्या सहलीला गेलेल्या प्रवाशांसाठी थांबतं, बाहेरच्या गाडीने फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. आमचा पुढचा मुक्काम लक्षद्वीप होता. तिथे परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही, 1967 पासूनचा नियम आहे. कोचीत राहिलो असतो तर मागून विमानाने लक्षद्वीपमधल्या आगत्ती बेटावर जाऊन जहाज गाठणंही सोपं नव्हतं. अशा वेळी माणूस मुकाट्याने पैसे देतो. ह्यांनी चालकाला त्याचे पूर्ण पैसे दिले. ते त्याच्या हक्काचेच होते.

त्याने आम्हाला फोर्ट कोची नीट दाखवलं. मासेमारीच्या चिनी जाळ्यांजवळ सावलीत सासूबाईंना बसवलं, सेंट फ्रान्सिस चर्चच्या अगदी दाराशी गाडी नेली. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला तेव्हा त्याला इथेच पुरलं होतं, नंतर 1539 मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. माझी आठवीतली मुलगी त्या दगडापाशी बराच वेळ उभी होती. तिथेच कळलं की कोचीत 2023 पासून वॉटर मेट्रो चालते. तिचे धक्के तरंगते असतात, बोटीच्या पातळीला राहतात, व्हीलचेअरसकट आत जाता येतं आणि तिकीट अगदी किरकोळ आहे. म्हाताऱ्या माणसाला पाण्यावरून फिरवायची सोय त्या शहरात उघडपणे होती, आणि आमच्या गावात बसून एक माणूस तिच्याच नावाने साडेसात हजार घेत होता.

दुसरा फटका लक्षद्वीपला बसला. तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. प्रवाळांच्या कड्याबाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटींनी माणसं बेटावर नेतात. लाट असेल तर ती बोट दोन-दोन फूट वर-खाली होते आणि त्या हालत्या बोटीत पाय टाकावा लागतो. खास बोट, रॅम्प, असलं काहीही नव्हतं. जहाजावरच्या काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, परवान्याचं शुल्क तुमच्या तिकिटाच्या बिलातच आहे. बिल काढून पाहिलं, होतं. म्हणजे जे आधीच भरलेलं होतं तेच आम्हाला दुसऱ्यांदा विकलं गेलं.

सासूबाई दारापर्यंत आल्या. खाली हलणारी बोट पाहिली आणि ह्यांचा हात धरला.

"मी नाही उतरत बापा. तुम्ही जा पोट्ट्यायले घेऊन. मी इथूनच पाहातो."

हे त्यांच्याजवळ थांबले. मी मुलांना घेऊन गेले. खलाशांनी नंतर सांगितलं की गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना ते स्वतःच नको म्हणतात आणि जहाज कंपनी ही माहिती बुकिंगच्या वेळीच देते. आमच्या एजंटाला ती मिळाली होती. आमच्यापर्यंत आली नाही, कारण आली असती तर 'आजी पॅकेज' विकलं गेलं नसतं.

जहाजावर परतवाड्याकडचं एक कुटुंब भेटलं, त्यांच्यासोबतही आजोबा होते. त्यांचं व्हाउचर माझ्या मुलीने हातात घेतलं आणि म्हणाली, "आई, नंबर तोच आहे." खरंच, अनुक्रमांक तोच, फक्त नावं बदललेली. त्यांनीही त्याच माणसाकडून घेतलं होतं. व्हाउचरवर कोचीच्या संस्थेचं नाव होतं आणि जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होत होता. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. केरळचे 32, महाराष्ट्राचे 27, दिल्लीचे 07. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. हे तपासायला कुणाची ओळख लागत नाही की पैसा लागत नाही. कुठलंही व्हाउचर हाती आलं की आधी हेच करा.

गावी परतल्यावर एजंट दुकानात भेटला. चेहऱ्यावर काही नाही. "रिफंड प्रोसेसमध्ये आहे मॅडम." काही दिवसांनी त्याचाच निरोप आला, रिफंड सोडवायला आधी अठरा टक्के जीएसटी भरावा लागेल, मग पूर्ण रक्कम एकदम येईल. परतावा देण्यासाठी आधी पैसे मागणं ही दुसरी फसवणूक असते. आम्ही दिले नाहीत. परतवाड्याच्या कुटुंबाकडून मात्र त्याने तेही घेतले होते.

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. आता फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. पूर्वीचं 420 सगळ्यांच्या तोंडी आहे, अर्जात नवं कलम लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही दोन्ही कुटुंबांनी वेगवेगळे अर्ज केले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आयोगाची नोटीस गेल्यावर एजंट घरी आला, ओट्यावर बसला आणि 7,500 रुपये सासूबाईंच्या हातात देऊ लागला, तक्रार मागे घ्या म्हणून. सासूबाईंनी पैसे घेतले, मोजले आणि त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं की ही रक्कम अंशतः परत, बाकी 28,500 येणं आहे. बगीच्याचा इसार घेतानाही त्या असंच लिहून घेतात. तक्रार मागे घेतलेली नाही.

ज्यांचं बुकिंग आधीच झालं आहे त्यांनी निघण्यापूर्वी जहाज कंपनीला स्वतः फोन करून तीन गोष्टी विचाराव्या: प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार की लहान बोटीने उतरायचं, परत आत यायची शेवटची वेळ कोणती, आणि बिलात आधीच काय काय धरलेलं आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर कंपनीची स्वतःची सहल चार पैसे महाग पडली तरी घ्या. उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबतं आणि चालण्याचं अंतर, पायऱ्या, बोट हे सगळं ते आधी सांगतात. लेकरांना आणि वडीलधाऱ्यांना वेगळं 'पॅकेज' लावून कुणी पैसे मागत असेल, तर त्यातली प्रत्येक वस्तू कोण देणार आहे, त्या माणसाचा तिथला नंबर मागा आणि पैसे भरण्याआधी त्याच्याशी बोला.

आणि ज्यांनी या भागातल्या कुणाकडून असं व्हाउचर घेतलं आहे, सहल होऊन गेली असली तरी, त्यांनी पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, निरोप आणि पावती जपून ठेवावी. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते. एकाच क्रमांकाची जितकी व्हाउचरं समोर येतील, तितकं हे प्रकरण एका घराचं भांडण म्हणून बाजूला टाकणं एजंटाला अवघड जाईल. आमच्याकडे सध्या दोनच आहेत.