डब्ल्यूसीबीएस एफएम १०१.१, न्यूयॉर्क: गाडीत लावायला अजूनही पहिलं स्टेशन

न्यू जर्सीत नवीन आलेले बरेच जण विचारतात की गाडीत इंग्लिश गाण्यांसाठी काय लावायचं, माझं उत्तर कायम १०१.१. सध्या इथे मुख्यतः ८० च्या दशकातली गाणी लागतात, जोडीला ७० आणि ९० ची, मायकल जॅक्सन, मॅडोना, बिली जोएल वगैरे. आपल्यातल्या ज्यांनी कॉलेजात कॅसेटवर हे ऐकलंय त्यांना फार शोधावं लागत नाही, बटण दाबलं की ओळखीचं गाणं.

पण या स्टेशनचा इतिहास माहीत असेल तर ते जास्त आवडतं. १९७२ पासून इथे ओल्डीज वाजायची, म्हणजे ५० आणि ६० च्या दशकातलं रॉक अँड रोल, डू-वॉप (काही जणांनी मिळून सुरात गायलेली गाणी). मग ३ जून २००५ ला संध्याकाळी पाच वाजता मालकांनी ते एका झटक्यात बंद केलं, श्रोत्यांना निरोपाचा कार्यक्रम नाही की काही नाही, गायक फ्रँक सिनात्राचं गाणं संपलं आणि त्याच जागी जॅक एफएम सुरू! जॅक हा कॅनडातून आलेला फॉरमॅट, सगळ्या दशकांची गाणी मिसळायची आणि मध्ये डीजेच नाही, नुसता रेकॉर्ड केलेला आवाज. कारण पैशाचंच, जाहिरात एजन्सींना २५ ते ५४ वयाचे श्रोते हवे असतात आणि ओल्डीजवाले त्या वयाच्या पुढे गेलेले.

लोक प्रचंड भडकले, न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर ब्लूमबर्गसुद्धा जाहीरपणे चिडले. रेटिंगही घसरलं आणि १२ जुलै २००७ ला दुपारी १ वाजून १ मिनिटाने जुनं नाव परत आलं, जुने डीजे डॅन टेलर, बॉब शॅनन, ब्रॉडवे बिल ली पुन्हा माईकवर. मला वाटतं लोकांना गाण्यांपेक्षा हीच माणसं हवी होती, अमीन सायानींचा आवाज काढून नुसती बिनाकाची गाणी लावली असती तर आपण तरी ऐकलं असतं का?

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. परत आल्यावर ५० ची गाणी जवळजवळ गेलीच, मग ६० ची पण कमी होत गेली, म्हणजे जे भांडले त्यांचीच गाणी आता तिथे लागत नाहीत. हिशोब तोच २५ ते ५४ चा, फक्त यावेळी गुपचूप आणि हळूहळू. आज ८० च्या गाण्यांवर खूश असलेल्या आपल्या पिढीचं पण पुढे हेच होणारे.

तरी पाचपैकी चार स्टार. ट्रॅफिकमध्ये जिवंत माणूस बोलतोय हे फार मोठं सुख आहे, स्पॉटिफायवर ते मिळत नाही. जाहिराती असतात, त्याला इलाज नाही. घरात कोणाला ६० च्या आधीचं ऐकायची आवड असेल तर ७७० एएम डब्ल्यूएबीसीवर शनिवारी संध्याकाळी काय लागतंय ते बघा, २००५ च्या त्या बदलात १०१.१ वरून गेलेले जुने डीजे कझिन ब्रूसी २०२० मध्ये तिकडे परतले.