६४ रंगांच्या अँबियंट लाइटिंगच्या नावाखाली १८,५०० रुपयांची लूट

नागपुरात गाडीच्या आत अँबियंट लाइटिंग, म्हणजे डॅशबोर्ड आणि दरवाजांवरची सजावटीची रंगीत रोषणाई, बसवून घेण्याच्या विचारात जे कोणी असतील, त्यांनी खिशातून एक रुपयाही काढण्यापूर्वी हे वाचावे. दुकानाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे न्यायचे आहे.

माझ्याकडून एकूण १८,५०० रुपये घेण्यात आले: किटचे १४,०००, मोबाइल ॲपवर चालणाऱ्या कंट्रोलरचे २,००० आणि फिटिंगचे २,५००. त्यातले ८,००० रुपये यूपीआयने आगाऊ घेतले आणि ते दुकानाच्या नावावर न जाता भलत्याच माणसाच्या नावावर गेले. विचारल्यावर "भाऊ, पार्टनरचंच खातं आहे ते, टेन्शन घेऊ नका," असे उत्तर मिळाले. उरलेले १०,५०० रुपये रोख घेतले आणि हातात दिला तो साध्या कागदावरचा अंदाजपत्रकाचा चिठोरा, ज्यावर ना जीएसटी क्रमांक होता, ना किटचे मॉडेल.

ठरले होते ते ॲक्रिलिकच्या पट्टीचे काम. या पट्टीत एलईडी टोकाला असतो आणि त्याचा प्रकाश आतून सलग वाहतो, म्हणून दरवाजावर एक अखंड रेघ दिसते, ठिपके दिसत नाहीत. दुकानदाराने स्वतःच्या गाडीत संध्याकाळी नेमके तेच दाखवले होते. माझ्या गाडीत मात्र डॅशबोर्डवरची दर्शनी पट्टी तेवढी ॲक्रिलिकची निघाली; चारही दरवाजांत सिलिकॉनच्या दुधी नळीत घातलेली साधी एलईडी पट्टी कोंबलेली होती.

हे मला त्याच वेळी कळायला हवे होते, असे आज अनेक जण सांगतात. गाडी ताब्यात दिली ती भर दुपारी एक वाजता, रस्त्यावरच्या उन्हात. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात दरवाजातला निळा प्रकाश सलग आहे की ठिपक्यांचा, हे कोणाला दिसणार आहे? ॲप सुरू केल्यावर मोबाइलवर कंट्रोलरचे जे नाव आले ते खोक्यावरच्या कंपनीचे नव्हते, नुसती इंग्रजी अक्षरे आणि आकडे होते. मी ते त्याला दाखवले. "सगळ्या कंट्रोलरला असंच नाव येतं," असे तो इतक्या सहजपणे म्हणाला, की रोज हेच काम करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवण्यावाचून माझ्यासारख्या ग्राहकापुढे दुसरा मार्ग उरला नाही. त्या क्षणी मी उरलेले पैसे रोखून धरले असते, तर निदान १०,५०० रुपये वाचले असते, आणि ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

घरी गाडी काही दिवस उभी राहिली आणि बॅटरी बसली. सर्व्हिस सेंटरमध्ये डॅशबोर्डखालचे आवरण काढले, तेव्हा मी स्वतः वाकून पाहिले: गाडीच्या मूळ हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) एक वायर सोलून तिच्याभोवती किटची लाल वायर पिळलेली होती आणि वर काळी टेप, जिचा डिंक उन्हाने वितळून बोटाला चिकटत होता. फ्यूज नावालाही नव्हता. जोडणी इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर न करता थेट बॅटरीच्या कायम चालू लाइनवर केलेली होती. हार्नेस दुरुस्तीचे ६,२४० रुपये वेगळे लागले आणि बाहेरच्या दुकानात वायरिंग कापल्यामुळे त्या भागाची वॉरंटी नाकारण्यात आली, ती वेगळीच.

याहून अधिक संताप येतो तो पुढच्या अनुभवाचा. पोलीस ठाण्यात तासभर बसवून ठेवल्यावर "हा दिवाणी मामला आहे" असे सांगण्यात आले. पैसे तिसऱ्याच्या खात्यावर घेतले, एका मालाच्या नावाखाली दुसरा माल दिला, हे सर्व मी लेखी दिले. तो अर्ज घेतल्याची पोचसुद्धा मिळाली नाही. "साहेब, एवढ्याशा रकमेसाठी कशाला फिरता?" असे तिथला कर्मचारी म्हणाला. माझ्या महिनाभराच्या घरखर्चाला 'एवढीशी रक्कम' म्हणण्याचा अधिकार याला कोणी दिला? दुसऱ्या एका सरकारी कार्यालयाने पक्के बिल मागितले, म्हणजे ज्या कागदावाचून फसवणूक झाली, तोच कागद आणा म्हणतात! फसवणारा दुकानात निर्धास्त बसलेला आहे आणि खेटे मात्र फसलेल्याने घालायचे.

म्हणून सांगतो, पक्के बिल, त्यावर किटचे मॉडेल आणि वॉरंटीची मुदत, याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. गाडी अंधार पडल्यावरच ताब्यात घ्या. जोडणी फ्यूज टॅपवर (फ्यूजच्या जागी बसवून वेगळी लाइन काढणारा जोड) किंवा कपलरने (वायर न कापता बसणारा प्लग) करायला लावा. वायर सोलू लागला तर तिथेच काम थांबवा. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर पट्टी लावू देऊ नका, कारण अनेक गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिथूनच जाते. रंग ६४ असोत की १२८, रात्री वर्धा रोडवर गाडी चालवताना काचेत न परावर्तित होणारा मंद, पिवळसर प्रकाशच उपयोगाचा असतो. तेव्हा रंगांच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका, प्रकाश किती कमी करता येतो ते विचारा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. यूपीआयचा पुरावा, तो चिठोरा, सोललेल्या वायरचे फोटो आणि सर्व्हिस सेंटरचे ६,२४० रुपयांचे बिल जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगासाठी तक्रार तयार केली आहे. असाच अनुभव आलेल्यांनी आपापली कागदपत्रे जपून ठेवावीत आणि दुकानदार "उद्या या" म्हणत राहिला, तरी त्या दोन वर्षांतला वेळ वाया घालवू नये.