‘उत्तम टिकलेली’ एमजीबी घेताना झालेली फसवणूक

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी हा सल्ला देतंच: रिस्टोरेशन पूर्ण करत बसू नकोस, कुणीतरी जीव लावून सांभाळलेली गाडी सरळ विकत घे. सल्ला खरा आहे. मी आजही तोच देईन. पण इथे ब्रिटनमध्ये नेमक्या याच सल्ल्यावर पोट भरणारे लोक आहेत, आणि त्यातल्या एकाने मला एमजीबी विकली. आपल्या मराठी मंडळींपैकी दोघातिघांनी अलीकडे अशी गाडी घ्यायचा विचार बोलून दाखवला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एमजीबी म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन इथल्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. उघड्या टपाची रोडस्टर आणि पक्क्या टपाची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. 1798 सीसीचं इंजिन साधं आणि दणकट आहे, घरच्या गॅरेजमध्ये उतरवून परत चढवता येतं. माझ्याकडे एक जीटी होती. तिचं इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं मी सुट्टीच्या दिवशी हळूहळू केलं होतं. राहिला होता तो पत्रा. या गाड्यांची रिस्टोरेशन्स इंजिनापायी कधी अडत नाहीत, पत्र्यापायी अडतात. वेल्डरने जो आकडा सांगितला तेवढ्यात त्याच तोलाची रस्त्यावर धावणारी गाडी येत होती. तेव्हा जीटी तशीच अर्धवट विकून चांगली रोडस्टर घ्यायची, असं आम्ही दोघा नवराबायकोंनी ठरवलं.

जाहिरात होती 1971 च्या गडद हिरव्या रोडस्टरची. क्रोम बंपर, तारांची चाकं. ‘एकाच कुटुंबात राहिलेली, कायम गॅरेजमध्ये ठेवलेली, सिल्स काही वर्षांपूर्वी नवीन बसवलेल्या, बाकी सगळं मूळचं’ असं लिहिलेलं. किंमत साडेनऊ हजार पौंड, म्हणजे संशय यावा इतकी स्वस्त नाही आणि हाताबाहेरही नाही.

सिल म्हणजे दाराखालचा, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा पत्र्याचा पोकळ पट्टा. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. गाडीची सगळी ताकद बॉडीतच असते आणि रोडस्टरला टप नसल्यामुळे ती मुख्यतः या दोन सिल्सवर येते. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खालून आणखी एक पट्टी असे थर असतात. आतून गंजले की झाकण नसलेला पुठ्ठ्याचा खोका वाकतो तशी गाडी मधोमध वाकायला लागते. बाहेरचा पत्रा तेवढा चकाचक ठेवून आतलं सगळं कुजलेलं असू शकतं, आणि सगळी लबाडी होते ती इथेच.

विकणारा गृहस्थ साठीचा, बोलायला अतिशय मृदू. म्हणाला, गाडी काकूची. तिला आता चालवणं होत नाही, म्हणून तिच्या वतीने मी विकतोय. नोंदणीपत्रावर एका बाईंचंच नाव होतं, त्यामुळे गोष्ट जुळत होती. इंजिन आधीच गरम होतं, ‘तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली.’ गाडी उभी होती खडीच्या उतारावर. मी जॅक काढला तर तो म्हणाला, ‘इथे नको, जॅक खडीत रुततो, मागच्या वर्षी असाच एकाला अपघात होता होता राहिला.’ वाकून पाहिलं तर खालून सगळीकडे काळं, जाड, नवं अंडरसील, म्हणजे गंज लागू नये म्हणून फासतात तो लेप. ‘काकूला गाडीची फार काळजी.’

मग त्याने एक अल्बम काढला. हिरव्या एमजीबीच्या सिल्स कापून नव्या बसवल्याचे फोटो, क्रमवार. दाराच्या चौकटीला तिरपे आधार वेल्ड केलेले, जुना कुजका पत्रा जमिनीवर, मग नवा पडदा, मग नवा बाहेरचा पत्रा, मग प्रायमर. काम अगदी रीतसर होतं. ज्याने गाडीखाली काम केलंय त्याला असे फोटो पाहून जो विश्वास वाटतो तो कुठल्याही गोड बोलण्याने वाटत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सोबत 2017 पर्यंतची एमओटीची, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीची, पास झाल्याची प्रमाणपत्रं होती. पुढची का नाहीत, तर मे 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना ती तपासणी माफ आहे. हेही खरंच आहे.

गाडी घरी आली. काही आठवड्यांनी मोठ्या खड्ड्यातून गेल्यावर डावं दार नीट लागेना. मी ती माझ्या ओळखीच्या वेल्डरकडे नेली. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, सिलवर बोटाने टकटक केली आणि रुमालात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं. ते जागोजागी खाली पडत होतं. मग स्क्रू-ड्रायव्हरने अंडरसील खरवडलं. खाली पुट्टी, म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लेप. पुट्टीखाली जुन्या सिलवरच चिकटवलेला पातळ पत्रा. त्याच्याआड, जिथे मधला पडदा असायला हवा होता, तिथे फुगणारा फोम भरलेला. फोमने पाणी धरून ठेवलं होतं. त्याने दाबला तेव्हा गंजाचं तांबडं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं.

मी त्याला अल्बम दाखवला. त्याने एकाच फोटोवर बोट ठेवलं. सीटमागची जमीन दिसत होती, आणि तिथे बॅटरीची पेटी एकच होती. 1971 च्या एमजीबीत सीटच्या मागे, जमिनीखाली, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, दोन वेगळ्या पेट्यांत. बारा व्होल्टची एकच बॅटरी आली ती 1974 च्या उत्तरार्धात, काळ्या रबरी बंपरांसोबत. ‘ही तुझी गाडी नाहीच,’ तो म्हणाला. माझ्या गाडीत सीटमागचा गालिचा गोंदाने पक्का चिकटवलेला होता. उचकटला तेव्हा खाली दोन पेट्या निघाल्या, दोन्ही बुडातून गेलेल्या.

एमओटीचंही तसंच. प्रत्येक तपासणीत गाडी पास झाली तरी ‘लक्ष ठेवा’ अशा सूचना लिहून देतात. फाइलमध्ये त्या सूचनांची पानं नव्हती. सरकारी संकेतस्थळावर नुसता गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनचा सगळा इतिहास फुकट दिसतो. तिथे 2016 लाही आणि 2017 लाही हेच होतं: सांगाड्याला गंज, आणि जाड अंडरसीलमुळे खालचा भाग तपासता आला नाही.

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, जॅक लावू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, कारण कितीही पटण्याजोगं असो. सपाट जागी सिलखालच्या जॅकपॉइंटवर एक बाजू उचला आणि दार उघडून-लावून बघा. फट बदलली किंवा दार अडकलं तर सांगाडा वाकतोय. सीटमागचं झाकण उघडून बॅटरीच्या पेट्या बघा. कामाचे फोटो दाखवले तर फोटोतली गाडी हीच का, ते गाडीतल्याच खुणांवरून ताडून पाहा: बॅटरीच्या पेट्या, डॅशबोर्ड, स्टीअरिंग कुठल्या बाजूला, चाकांचे हब. रंगावर जाऊ नका, रंग कुणालाही जुळवता येतो. आणि तपासणी माफ असली तरी स्वखुशीने करता येते. तिची कमाल फी 54.85 पौंड आहे. विकणाऱ्याला सांगा, फी मी भरतो, तुम्ही गाडी केंद्रावर आणा. माफी आहे म्हणून गाडी धोकादायक अवस्थेत चालवायची मुभा कायदा कुणालाही देत नाही, आणि हे खरेदीदारापेक्षा विक्रेत्याला जास्त ठाऊक असतं.

काकूचं मात्र आधी कळायला हवं. इथे व्यापाऱ्याकडून गाडी घेतली तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते. खाजगी माणसाकडून घेतली तर तो हक्क नाही. फक्त वर्णन खोटं निघालं तर दाद मागता येते. म्हणून धंदेवाले काकू, मामा, शेजारी असे उभे करतात. व्यापारी असून खाजगी विक्रेता असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे. माझ्या मुलीने त्याचा फोन नंबर शोधला तेव्हा त्याच नंबरवर आणखी जुन्या गाड्यांच्या जाहिराती मिळाल्या, प्रत्येक गाडी वेगळ्या नातेवाइकाची. नोंदणीपत्रावर नाव असलेली व्यक्ती प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय किंवा निदान फोनवर बोलल्याशिवाय पैसे देऊ नका. ते पत्र गाडी कुणाच्या नावावर नोंदवली आहे एवढंच सांगतं, मालकी सिद्ध करत नाही.

जाहिरातीचं चित्र माझ्याकडे होतं, त्यात ‘सिल्स नवीन’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. वेल्डरने लेखी अहवाल दिला. दावा दाखल करण्याआधीची नोटीस मी सगळ्या कागदांसह पाठवली. रक्कम दहा हजार पौंडांच्या आत असल्याने छोट्या दाव्यांच्या न्यायालयात वकिलाशिवाय जाता येत होतं. त्याने आधी फोन उचलणं बंद केलं, मग दुसऱ्या जाहिरातींची चित्रं पाठवल्यावर आपणहून फोन केला. गाडी परत घेऊन बहुतेक पैसे त्याने दिले. ट्रकचं भाडं, विमा आणि वेल्डरची मजुरी गेली. ग्राहक हेल्पलाइनमार्फत व्यापार-मानक खात्याकडे मी तक्रार नोंदवली आहे.

तीच गाडी आता पुन्हा विक्रीला आहे. नंबर इथे देता येत नाही, पण खुणा देतो: 1971 ची रोडस्टर, गडद हिरवा रंग, तारांची चाकं, यावेळी मालक एक आजारी भाऊ. आणि सिल्सच्या कामाचा अल्बम, ज्यातल्या गाडीत सीटमागे बॅटरीची एकच पेटी आहे.