वेंगुर्ल्याच्या बंदरावरची खानावळ आणि भिंतीवरचे दोन मफलर

वेंगुर्ल्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उतार सुरू होण्याच्या थोडे अलीकडे, मंगलोरी कौलांची एक जुनी खानावळ आहे. दुपारी तेथे मासळीची थाळी मिळते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेल्टिक आणि रेंजर्स या दोन फुटबॉल संघांचा सामना ज्या दिवशी असेल, त्या दिवशी मागच्या पडवीत मोठ्या टीव्हीवर तो दाखवतात. मालकांना सगळे आबा म्हणतात. ते तीस वर्षे बोटीवर होते. खलाशी म्हणून चढले आणि सारंग म्हणून उतरले. गेल्या दोन हंगामांत मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन कुडाळहून पाच वेळा तेथे गेले आहे, आणि या जागेबद्दल नीट लिहावे असे मला बरेच दिवस वाटत होते.

आधी खाण्याविषयी. बांगड्याची थाळी १८० रुपयांना आहे आणि तिखल्यातले तिरफळ जिभेवर रेंगाळेल इतके ताजे असते. संध्याकाळी घावणे आणि नारळाचा रस मिळतो, उसळ-पाव मिळतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर ओल्या काजूची उसळ चुकवू नये. सोलकढी मात्र मला दर वेळी पाणचट वाटली. चहा चांगला उकळलेला असतो आणि तो काचेच्या ग्लासातच देतात.

सामन्याची वेळ हा येथे मुद्दाम सांगण्याचा विषय आहे. हा सामना स्कॉटलंडमध्ये बहुधा दुपारी बारा किंवा साडेबाराला सुरू होतो, कारण प्रेक्षकांना सकाळपासून दारू पिण्यास वेळ मिळू नये असा पोलिसांचा आग्रह असतो. १० मे १९८० रोजी याच दोन संघांमधील स्कॉटिश कप अंतिम सामन्यानंतर हॅम्पडेन पार्कच्या मैदानावर दोन्हीकडचे लोक उतरून एकमेकांवर तुटून पडले, आणि त्यानंतर स्कॉटलंडच्या फुटबॉल मैदानांवर दारूबंदीचा कायदा झाला. तेथे हिवाळ्यात बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. म्हणजे ग्लासगोच्या पोलिसांनी घातलेली वेळ वेंगुर्ल्यात नेमकी चहाच्या वेळेवर येते, आणि बंदरावरून जाळी आवरून आलेली मंडळी, शाळेची मुले आणि माझ्यासारखी बाहेरगावची माणसे एकाच पडवीत बसू शकतात.

पडवीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत दोन मफलर लावले आहेत. एक हिरवा-पांढरा, सेल्टिकचा. दुसरा निळा, रेंजर्सचा. ग्लासगोच्या बंदरात बोट लागली असताना आबांनी ते दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत, दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतले. हिरव्याची एक कड जळक्या डागाने तपकिरी झाली आहे, तो इंजिनरूममधल्या वाफेच्या पाइपाचा डाग आहे असे ते सांगतात. सामन्याआधी अर्धा तास कोणी नवीन माणूस आला की आबा त्याला या चौकटींपाशी नेतात. त्यांचे नेहमीचे वाक्य आहे, "आधी इतिहास आयक, मगे मॅच बघ." चहाच्या बिलात न धरलेली ही सेवा हेच या खानावळीचे खरे वैशिष्ट्य आहे, आणि म्हणून मी तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

आबा जे सांगतात त्यातले बरेचसे बरोबर आहे. रेंजर्स १८७२ मध्ये सुरू झाला. सेल्टिक १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट नावाच्या कॅथलिक संघातील धर्मबंधूंनी ग्लासगोच्या पूर्व भागातील गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करावेत म्हणून स्थापन केला; ही मुले मुख्यतः दुष्काळाने देशोधडीला लागून आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांतली होती. मे १८८८ मध्ये सेल्टिकचा पहिला सामना रेंजर्सशीच झाला आणि तो सेल्टिकने ५-२ असा जिंकला. या सामन्याभोवती वैर नव्हते. वैर नंतर वाढले, आणि त्याचा धागा आबा गोदीपर्यंत नेतात, जे मला फार पटते. १९१२ मध्ये आयर्लंडमधील बेलफास्टच्या हारलंड अँड वुल्फ कंपनीने रेंजर्सच्या मैदानाजवळच्या गोव्हन भागात जहाजबांधणीची गोदी घेतली, तिच्याबरोबर बेलफास्टचे प्रोटेस्टंट कामगार आले, आणि कोणाला काम द्यायचे व कोणाला नाही हे आडनाव आणि शाळा विचारून ठरू लागले. ज्याला गोदीत काम मिळत नाही तो शनिवारी कोणत्या मैदानावर जाणार हे मग वेगळे सांगावे लागत नाही. आयुष्य बोटींवर काढलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना पाठ्यपुस्तकात न सापडणारी समज मिळते.

माझी तक्रार आहे ती चौकटींखालच्या फळ्याबद्दल. त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे: "हिरवे म्हणजे कॅथलिक, निळे म्हणजे प्रोटेस्टंट." पहिल्या भेटीतच हे वाक्य मला खटकले, कारण त्यातून नव्या माणसाला वाटते की धर्म आधीपासून होता आणि फुटबॉल त्याच्यावर नुसता चढवला गेला. १९६७ मध्ये लिस्बनला इंटर मिलानचा २-१ असा पराभव करून सेल्टिकने युरोपियन कप जिंकला, तेव्हा संघाचे मॅनेजर जॉक स्टीन होते, आणि ते प्रोटेस्टंट होते. रेंजर्सची गोष्ट वेगळी होती: कॅथलिक खेळाडू न घेण्याचा अलिखित नियम तेथे अनेक दशके चालला. जुलै १९८९ मध्ये रेंजर्सचे मॅनेजर ग्रॅम सूनेस यांनी मो जॉन्स्टन या कॅथलिक आणि पूर्वी सेल्टिककडून खेळलेल्या खेळाडूला रेंजर्समध्ये आणले, तेव्हा काही समर्थकांनी आपले मफलर जाळले. पुढे लोरेन्झो अमोरुसो हा इटालियन कॅथलिक त्याच रेंजर्सचा कर्णधार झाला. म्हणजे भिंत माणसांनी बांधली होती आणि माणसांनीच तिची एक बाजू पाडली. हे फळ्यावरच्या एका ओळीत मावत नाही, आणि मावत नसेल तर ती ओळ लिहू नये असे मी आबांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि पुढच्या भेटीत त्या ओळीखाली "जॉक स्टीन?" एवढेच लिहिलेले दिसले. मूळ ओळ अजून पुसलेली नाही.

ती ओळ वेंगुर्ल्यात का महत्त्वाची आहे, हे मी तिसऱ्या भेटीत डोळ्यांनी पाहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये इस्रायलच्या हापोएल बीअर शेवा संघाविरुद्धच्या सामन्यात सेल्टिकच्या समर्थकांनी पॅलेस्टाइनचे झेंडे फडकवले, युरोपीय फुटबॉल संघटनेने क्लबला दंड केला, आणि समर्थकांनी उलट एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवून पॅलेस्टाइनमधील मदतकार्याला दिली. तेव्हापासून ते झेंडे सेल्टिकच्या मैदानावर वारंवार दिसतात, आणि रेंजर्सच्या प्रेक्षकांत इस्रायलचे झेंडेही दिसतात. मोबाइलवरून ही चित्रे आपल्याकडे पोहोचली आणि किनाऱ्यावरच्या काही मुसलमान मुलांनी हिरवी जर्सी घेतली. मग केवळ त्यांनी हिरवी घेतली म्हणून इतर काहींनी निळी घेतली. यांतल्या कोणालाही गोव्हनची गोदी ठाऊक नव्हती आणि मारिस्ट धर्मबंधूंचे नावही माहीत नव्हते.

त्या संध्याकाळी टीव्हीवर झेंडे दिसताच निळ्या जर्सीतल्या एका मुलाने समोरच्या बाकावरील हिरव्या जर्सीतल्या मुलाला "तुमच्या लोकांचा संघ" असे म्हटले. तो "तुमच्या लोकांचा" शब्द पडवीत सर्वांना ऐकू गेला. आबा गल्ल्यावरून उठले, रिमोट घेतला आणि म्हणाले, "टीव्ही माजो आसा, आवाज मी बंद करतलंय." त्यांनी आवाज बंद केला आणि मग चित्रही बंद केले. दहा-बारा मिनिटे पडवीत नुसता पंख्याचा आवाज होता. तेवढ्यात एक गोल झाला, तो कोणालाच दिसला नाही, आणि काही गिऱ्हाइके चिडून उठून गेली. आबांनी निळ्या जर्सीतल्या मुलाला सर्वांसमोर बोल लावला नाही. त्याच्याजवळ जाऊन बसले आणि हळू आवाजात काही बोलले. हिरव्या जर्सीतला मुलगा मध्यंतरात चहा अर्धा टाकून निघून गेला. पुढच्या सामन्याला तो आला, पण साध्या शर्टात आला आणि दाराजवळच्या बाकावर बसला. ते मला अजून सलते.

पैसे देऊन सामना पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाचा गोल चुकवणे ही सेवेतली त्रुटी आहे असे कोणी म्हणू शकेल. मी तसे म्हणणार नाही, आणि त्याचे कारण आबांनीच सांगितलेल्या बेलफास्टच्या गोष्टीत आहे. २७ डिसेंबर १९४८ रोजी विंडसर पार्कवर लिनफिल्ड आणि बेलफास्ट सेल्टिक यांचा सामना होता. लिनफिल्ड हा प्रोटेस्टंटांचा संघ मानला जाई आणि बेलफास्ट सेल्टिक कॅथलिकांचा, पण बेलफास्ट सेल्टिकचे मॅनेजर एलिशा स्कॉट प्रोटेस्टंट होते आणि संघात दोन्हीकडचे खेळाडू होते. पहिल्या सत्रात बेलफास्ट सेल्टिकच्या जिमी जोन्सशी टक्कर होऊन लिनफिल्डच्या बॉब ब्रायसनचा घोटा मोडला, आणि मध्यंतरात ही बातमी ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाला ऐकवली गेली. सामना १-१ असा सुटला, लोक मैदानात घुसले आणि त्यांनी जोन्सचा पाय लाथांनी मोडला. जोन्स स्वतः प्रोटेस्टंट होता. अंगावरच्या जर्सीने त्याला त्या दिवशी दुसऱ्या धर्माचा करून टाकले. १९४९ मध्ये बेलफास्ट सेल्टिकने लीग सोडली आणि तो संघ परत कधी आला नाही. हे सांगताना आबा स्वतःच्या नडगीवर बोट ठेवतात, आणि म्हणून त्यांच्या खानावळीत मध्यंतरातले समालोचन कधीच ऐकू येत नाही: पंधरा मिनिटे टीव्ही मुका असतो.

ग्लासगोत ऑक्टोबर १९९५ मध्ये सेल्टिकचा सामना पाहून घरी परतणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचा खून झाला, आणि त्याच्या एका मैत्रिणीने पुढे अशा द्वेषाविरुद्ध काम करणारी निल बाय माउथ ही संस्था उभी केली. ही गोष्ट आबा लहान मुलांसमोर सांगत नाहीत. माझ्या मुलाला ती मी परतीच्या एस.टी.त सांगितली.

भिंतीवर अजून जागा आहे, आणि तेथे काय असावे याबद्दल माझी आबांना एक विनंती आहे. आपल्या मुंबईत १९४६ पर्यंत क्रिकेटचे संघच धर्मावर होते: हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून उरलेल्या सर्वांचा "द रेस्ट". सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे या "उरलेल्यां"कडून खेळत, आणि १९४३ मध्ये हिंदूंविरुद्ध त्यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा केल्या. त्याच्याही आधी पालवणकर बाळू हे दलित गोलंदाज होते. त्यांच्या आडनावातले पालवण गाव आपल्या कोकणातले. पुण्यात हिंदू क्लबसाठी ते बळी घेत, आणि चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. ग्लासगोचे दोन मफलर जेथे लावले आहेत तेथे बाळूंचे चित्र लावले, तर काचेच्या ग्लासातून सर्वांना एकसारखा चहा देणाऱ्या या पडवीत ते योग्य जागी असेल. शिवाय कोलकाता बंदर आबांना चांगले ठाऊक आहे. तिथल्या मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या फुटबॉल संघांचे समर्थक १८ ऑगस्ट २०२४ रोजी आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर मुलीला न्याय मिळावा म्हणून सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र रस्त्यावर आले होते. त्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागानच्या समर्थकांपैकी एकाने दुसऱ्याला खांद्यावर घेतल्याचा फोटो सगळीकडे फिरला. तोही चौकटीत शोभेल.

आता उरलेल्या गोष्टी. इंटरनेट अधूनमधून अडखळते आणि चित्र थांबते. बाकांना पाठ नाही, त्यामुळे वयस्कर माणसांनी भिंतीकडेची जागा आधी धरावी. स्वच्छतागृह मागच्या अंगणात आहे, ते स्वच्छ असते पण तेथे दिवा नाही. बायकांना बसण्यास अडचण नाही. मी एकटीही गेले आहे आणि कोणी वळून पाहिले नाही. डासांसाठी ओडोमास बरोबर न्यावे. सामन्याच्या दिवशी पाचच्या आत पोहोचावे, कारण घावणे तेव्हाच असतात, आणि दाराजवळच्या बाकावर साध्या शर्टातला एखादा मुलगा एकटा बसलेला दिसला तर त्याच्या शेजारची जागा घ्यावी. चौथ्या आणि पाचव्या भेटीत माझा मुलगा तेथेच बसला होता.