गोव्यात स्वस्तातलं स्कूबा पॅकेज घेताय? आधी आमचं काय झालं ते वाचा

पाऊस गेला, सीझन सुरू झाला आणि कळंगुट-बागाच्या वाळूत ती लॅमिनेट केलेली कार्डं हातात घेतलेली पोरं परत फिरायला लागलीत. "सर स्कूबा, ग्रँड आयलंड, फुल पैकेज, आज का रेट अलग है." ग्रँड आयलंड म्हणजे मुरगावजवळचं समुद्रातलं बेट. इन्स्टावर पण त्याच जाहिराती, निळंशार पाणी, नारिंगी मासे, खाली ९९ नी संपणारा आकडा. म्हणून लिहायला बसलोय, कारण मागच्या सीझनला माझी ताई-दाजी आणि भाचा कोल्हापूरहून आले होते तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी डिचोलीचा, जन्म इथलाच, पण आपण गोव्यातले लोक असली पॅकेजं कधी घेतो? पाहुणे आल्याशिवाय आपल्याला समुद्राचा मुहूर्त लागत नाही.

बुकिंग दाजींनी बीचवरच केलं. माणशी १८०० रुपये, त्यात स्कूबा (हवेच्या सिलिंडरवर श्वास घेत पाण्याखाली जाणं), स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावरूनच खाली बघणं), डॉल्फिन, पाच वॉटर स्पोर्ट्स, जेवण, बिअर, फोटो-व्हिडिओ आणि सर्टिफिकेट. आम्ही चौघं, ७२०० झाले. पैसे यूपीआयने गेले ते कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाच्या नावावर, आणि पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एक रंगीत इमेज आली, तिच्यावर ना पत्ता ना रजिस्ट्रेशन नंबर, फक्त डॉल्फिनचं चित्र आणि "नो रिफंड" मोठ्या अक्षरात. कार्ड दाखवणारा पोरगा म्हणाला की खाली जर्मन जहाज बुडालेलं आहे, दुसऱ्या महायुद्धातलं, ते पण दाखवतो. आता मुरगाव बंदरात १९४३ साली मार्चमध्ये एरेनफेल्स वगैरे जर्मन जहाजं बुडाली हे खरंच आहे, पण ती बंदरात होती, ग्रँड आयलंडला नव्हे. त्या बेटाजवळ जुन्या जहाजाचे अवशेष आहेत तेही खरं, डायव्हिंगवाले तिथं जातात, पण हे पॅकेजवाले तुम्हाला त्याच्या आसपाससुद्धा नेत नाहीत.

सकाळी नेरूलला कोको बीचवर बोलावलं. तिथं गेल्यावर कळलं की आपल्यासारखी वेगवेगळ्या पोरांनी, वेगवेगळ्या रेटनं विकलेली माणसं एकाच बोटीत कोंबतात. शेजारच्या नागपूरच्या ग्रुपनं माणशी २५०० दिले होते आणि पुण्याच्या एका जोडप्यानं १३००, बोट तीच, जेवण तेच. चढायच्या आधी "जेटी चार्ज" म्हणून माणशी १०० वेगळे घेतले, कसला चार्ज ते कुणी सांगेना. मग आग्वादला वळसा घालून, मुरगावच्या खाडीचं तोंड ओलांडून बेटापर्यंत जायला दीड तास गेला, त्यात डॉल्फिनची एक पाठ लांबून दिसली, ती मात्र खरी होती. बिअर बोटीत चढल्यावर लगेच सुरू! डायव्हिंगच्या आधी! तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं, नंतर ज्याला सांगितलं त्या प्रत्येक डायव्हरनं डोक्याला हात लावला.

आता खरी गोष्ट. बेटाच्या आडोशाला बोट थांबली, बोटीच्या बाजूला एक लोखंडी शिडी पाण्यात सोडलेली, आणि रांग लावली, अगदी रेशनच्या दुकानासारखी. ट्रेनिंग झालं दोन मिनिटं, ते पण एका पोरानं दिलं जो पाण्यात उतरणारच नव्हता. तोंडानं श्वास घ्या, अंगठा वर म्हणजे ओके, अंगठा खाली म्हणजे त्रास होतोय. बस. ना कुणाला सर्दी आहे का विचारलं, ना बीपी, ना दमा, ना पोहता येतं का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे "वर चला" आणि अंगठा खाली म्हणजे "खाली चला". ओकेसाठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. हे जगभर असंच आहे, पहिल्याच धड्यात शिकवतात. भाचा उतरला, चार पायऱ्या खाली गेल्यावर त्याचा कान दुखायला लागला, त्यानं शिकवल्याप्रमाणं अंगठा खाली केला, आणि पाण्यातल्या माणसानं त्याला खांद्याला धरून आणखी खाली नेला. त्या माणसाला खऱ्या खुणा येत असणार, वरच्या पोराला येत नव्हत्या, आणि मधल्या मध्ये आमचा पोरगा. शेवटी तो हातपाय झाडायला लागला तेव्हा वर आणलं.

सामान काय होतं ते पण सांगतो कारण हे फोटोत कळत नाही. पाठीवर सिलिंडर नाहीच. सिलिंडर बोटीत, त्यातून एक लांब नळी, तिच्या टोकाला रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचं ते. बीसीडी नाही, म्हणजे ते हवा भरायचं जाकीट ज्याच्यावर पाण्यात तरंगायचं किंवा खाली जायचं ठरतं. कमरेला शिशाचा पट्टा, आणि तो सुतळीनं बांधलेला. प्रेशर गेज, म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा उरलीय ते दाखवणारा काटा, बघायला मागितला तर "सर टेन्शन मत लो". रेग्युलेटरच्या रबराला जे दोन दातात धरायचे तुकडे असतात त्यातला एक तुटलेला, एकाच्या तोंडातून काढला की बादलीतल्या समुद्राच्याच पाण्यात बुडवायचा आणि पुढच्याच्या तोंडात. ताईनं हे बघितलं आणि मी नाही जाणार म्हणाली, तिचे पैसे अर्थात परत नाहीत.

मी उतरलो होतो. शिडीच्या शेवटच्या पायरीवर लोंबकळत होतो, खोली फार तर तीन मीटर, आणि समोर पसरलेल्या हातापलीकडे काही दिसत नव्हतं, दाजींच्या भाषेत "उसाच्या रसात बुडी". यात समुद्राचा दोष नाही, मांडवी आणि जुवारी सगळा गाळ इथंच आणून टाकतात, गोव्याच्या किनाऱ्याला पाणी हिरवट असतंच, चांगल्या दिवशी थोडं लांबचं दिसतं एवढंच. स्वच्छ पाणी हवं असेल तर लोक कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला जातात. चार मिनिटांच्या आत मला वर ओढलं, पुढचा तयार.

वॉटर स्पोर्ट्समधलं पॅरासेलिंग "हवा जास्त आहे" म्हणून रद्द, जेटस्की एक गिरकी मारून परत. यावर जास्त लिहीत नाही, हे सगळ्यांचंच होतं.

परतीच्या वाटेवर बोटीतच एक जण मोबाईल घेऊन फिरायला लागला. गूगलवर पाच स्टार टाका, स्क्रीनशॉट दाखवा, मग व्हिडिओची लिंक मिळेल. म्हणजे व्हिडिओ बघायच्या आधी रिव्ह्यू! अर्धी बोट बिअरमध्ये, सगळे ओले, थकलेले, पटापट टाकले. दाजींनी पण टाकला, "नाइस एक्सपीरियन्स". घरी येऊन मी त्यांचं पान उघडून बसलो तर शेकडो रिव्ह्यू, सगळे दोन-दोन शब्दांचे, बहुतेक सगळ्यांत कुणातरी एका "भैया" चं नाव, आणि एक स्टारवाले शोधायला खाली खाली जावं लागतं. पान उघडलंत तर "लोएस्ट" लावून, म्हणजे कमी स्टारवाले आधी येतील असं करून वाचा, बाकीचे वाचण्यात अर्थ नाही.

रात्री व्हिडिओ आला. दाजींनी टीव्हीवर लावला. निळं पाणी, प्रवाळ, नारिंगी पट्ट्यांचे मासे, त्यात आमच्या भाच्याचा चेहरा चार सेकंद, हिरव्या पाण्यात, मग परत निळं पाणी. भाचा म्हणाला, "मामा, हा हात माझा नाही." परत लावला. माशाकडे बोट दाखवणाऱ्या हातात स्टीलचं घड्याळ, आणि आमच्या पोराच्या मनगटावर अंबाबाईच्या देवळातला लाल धागा, घड्याळ तो वापरतच नाही. दाजींच्या व्हिडिओत पण तोच हात, तेच घड्याळ, तेच मासे. तोपर्यंत दाजींनी तो व्हिडिओ गावच्या तीन ग्रुपवर टाकला होता आणि खाली "नाद खुळा" चा पाऊस पडला होता, त्यातल्या दोघांनी नंबर पण मागितला होता. मला विचाराल तर यांचा धंदा यावरच चालतो. खरं डायव्हिंग कसं असतं ते बघितलेला माणूस त्या बोटीत नसतोच, घरी जाताना हातात व्हिडिओ असतो, आणि तो बघून पुढची बोट भरते. बीचवरच्या पोरापेक्षा आपल्याच काकाचा स्टेटस जास्त गिऱ्हाइकं आणतो.

रात्रीतून भाच्याचा कान ठणकायला लागला. सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेला, पडद्याला सूज आणि आत रक्त साकळलेलं, म्हणाले फाटला नाही हे नशीब, बरं होईपर्यंत पाण्यात जायचं नाही. त्याला दोन दिवस आधीपासून सर्दी होती. सर्दीत नाकापासून कानाकडे जाणारी नळी बंद असते, खाली जाताना नाक दाबून हळू फुंकर मारून प्रेशर सारखं करावं लागतं, ते झालं नाही तर पडद्यावर ताण येतो, आणि पहिल्या काही मीटरमध्येच सगळ्यात जास्त. त्यामुळं "तीनच मीटर तर होतं" या म्हणण्याला काही अर्थ नाही. आणखी एक गोष्ट जी त्या दोन मिनिटांत कुणी बोललं नाही, वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही, फुप्फुसात कोंडलेली हवा वर येताना फुगते, आणि घाबरलेला माणूस नेमका श्वासच रोखतो.

नंतर मी मुद्दाम एका नीट डायव्ह सेंटरवर जाऊन चौकशी केली, फरक कळावा म्हणून. त्यांनी पैशाचं बोलायच्या आधी मेडिकल फॉर्म पुढं केला. दाजी बीपीची गोळी घेतात म्हटल्यावर सरळ सांगितलं, डॉक्टरांचं पत्र आणा नाहीतर जमणार नाही. परतीचं विमान कधी आहे विचारलं, कारण एका डायव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डायव्ह केल्या तर १८ तास विमान चालत नाही, आणि कोल्हापूरला जाणार म्हटल्यावर घाटाचं पण विचारलं, कारण डायव्हनंतर लगेच उंचावर जाणंच धोक्याचं, आणि चोर्ला घाट दोन हजार फुटांच्या वर जातो ना. पहिल्यांदा येणाऱ्याला आधी उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं, रेग्युलेटर निसटला तर परत तोंडात घेणं शिकवतात, पाठीवर पूर्ण किट असतं, गेज तुम्हालाच दाखवतात, भरलेला सिलिंडर २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास, आणि जास्तीत जास्त १२ मीटर. रेट अर्थातच कितीतरी जास्त आहे, एका इन्स्ट्रक्टरकडे मोजकी माणसं असली की तो तसाच असणार. इन्स्ट्रक्टरचा पॅडीचा (डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) नंबर मागा, पॅडीच्या साइटवर टाकून बघता येतो. ऑपरेटरकडे पर्यटन खात्याचं रजिस्ट्रेशन आणि बोटीला बंदर कप्तान खात्याचं लायसन आहे का विचारा, ज्याच्याकडे असतं तो चिडत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुणी ग्रँड आयलंड विकत असेल तर तिथूनच परत फिरा, पावसात इथं डायव्हिंग बंद असतं.

ते "सर्टिफिकेट" पण बघा. आमच्याला "सर्टिफाइड स्कूबा डायव्हर" असं छापून मिळालं, भाच्याच्या नावाचं स्पेलिंग चुकवून. खरा ओपन वॉटर कोर्स तीन-चार दिवसांचा असतो, थिअरी, परीक्षा, समुद्रात चार डायव्ह, तेव्हा कार्ड मिळतं आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. उद्या कुणी पोरगा हा कागद घेऊन अंदमानला गेला आणि मला येतं म्हणाला तर? ताईनं तो कागद तिथंच फाडला.

तक्रारीचं. दुसऱ्या दिवशी बीचवर गेलो तर तो पोरगा नाही, दुसराच, "वो तो गाँव गया". फोन केला तर "बोटवाल्याशी बोला", बोटवाला म्हणतो "पैसे कुणाला दिले त्याला विचारा". मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, पर्यटन खात्याला मेल टाकला, यूपीआयचा स्क्रीनशॉट, ती रंगीत पावती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन्ही व्हिडिओ जोडून. तिथं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळं कोल्हापूर-पुण्याला परत गेलात म्हणून सोडून देऊ नका, ऑनलाइन पण करता येतं. रिव्ह्यू दाजींनी बदलून एक स्टार केला आणि सगळं सविस्तर लिहिलं.

त्यानंतर चार दिवसांनी दाजींना फोन आला. अर्धे पैसे परत देतो, रिव्ह्यू काढा आणि तक्रार मागं घ्या. दाजी म्हणाले, पैशाचं नंतर बघू, आधी त्या व्हिडिओतला घड्याळवाला कोण आहे तेवढं सांगा. फोन कट झाला. तक्रार अजून चालू आहे.